सिम्युलेटरमधील विमानाचे पॅनेल अडले, तर शोध कुठून सुरू करावा

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बोइंग ७३७-८०० किंवा एअरबस ए३२० यांसारख्या प्रवासी विमानाचे सविस्तर अ‍ॅड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला वेगळे जोडायचे विमानाचे सॉफ्टवेअर, पहिल्यांदाच बसवणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. स्विच फिरवला, पण काहीच घडले नाही. नागपुरात विमान देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी आणि निव्वळ हौसेने सिम्युलेटर चालवणारे, असे दोन्ही प्रकारचे नवशिके मला ही तक्रार सांगतात, आणि दोघांचाही पहिला निष्कर्ष ‘फाइल करप्ट झाली आहे, पुन्हा इन्स्टॉल करतो’ हाच असतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा अ‍ॅड-ऑन खऱ्या विमानासारखेच वागत असते. अडलेल्या यंत्रणेला जी वीज, जी हवा किंवा जी माहिती मिळायला हवी, ती तिच्यापर्यंत पोहोचलेली नसते. म्हणून अडलेला स्विच पुन्हा पुन्हा दाबण्यापेक्षा त्याच्या पुरवठ्याच्या दिशेने उलट जावे आणि वाटेतला प्रत्येक टप्पा तपासावा.

हा शोध तीन थरांतून जातो, आणि त्यांचा क्रम बदलू नये असे माझे ठाम मत आहे. आधी विमानाची कार्यपद्धती पाहावी, मग सिम्युलेटरची सेटिंग्ज आणि जॉयस्टिकसारखी उपकरणे पाहावीत, आणि अ‍ॅड-ऑनमध्येच खोट आहे का हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. क्रम उलटा केला तर पुन्हा इन्स्टॉल करण्यात रात्र जाते, विमान त्याच जागी अडलेले राहते आणि शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात विजेपासून करावी. घरातला पंखा थांबला की आपण पंखा उघडत नाही, शेजारचा दिवा लागतो का ते आधी पाहतो. कॉकपिटमध्येही तसेच करायचे असते. परवाच एका विद्यार्थ्याचा फोन आला, “दादा, एपीयू सुरू झाला, पण डिस्प्ले काळेच आहेत.” एपीयू म्हणजे विमानाच्या शेपटीतले छोटे सहायक इंजिन, जे जमिनीवर वीज आणि दाबाची हवा पुरवते. मी विचारले, “वरच्या पॅनेलवर निळा दिवा दिसतो का?” दिवा लागलेला होता. ७३७ मध्ये त्या निळ्या दिव्यावर ‘एपीयू जेन ऑफ बस’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ असा की एपीयूचा जनरेटर वीज द्यायला तयार आहे, परंतु ती वीज अजून बसवर, म्हणजे यंत्रणांना वीज वाटणाऱ्या वाहिनीवर, जोडलेली नाही. जोडण्यासाठी दिव्याजवळचे दोन जनरेटर स्विच ‘ऑन’ बाजूला ढकलून सोडावे लागतात. हे स्विच स्प्रिंगचे असतात, म्हणजे सोडल्याबरोबर ते मधल्या जागी परत येतात, आणि नवशिक्याला वाटते की क्लिक लागलेच नाही. वीज जोडली गेली की नाही हे स्विचच्या स्थितीवरून कळत नाही, ते ‘सोर्स ऑफ’ आणि ‘ट्रान्सफर बस ऑफ’ हे दिवे विझल्यावरून कळते. एवढी एक गोष्ट नीट समजली की ७३७ चे अर्धे ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावरचे, पॅनेल वाचता येऊ लागते, कारण तिथे अनेक ठिकाणी स्विच केवळ आज्ञा देतो आणि त्या आज्ञेचे काय झाले हे दिवा सांगतो.

वीज असूनही पडदा काळा असेल तर त्याच्या उजेडाचा नॉब पाहावा. प्रत्येक डिस्प्लेचा नॉब वेगळा असतो, आणि अ‍ॅड-ऑनमध्ये ‘कोल्ड अँड डार्क’, म्हणजे सगळे बंद असलेली, स्थिती निवडली असेल तर काही वेळा हे नॉब शून्यावर आलेले असतात. एखादा दिवा लागतच नाही अशी शंका असेल तर मधल्या पॅनेलवरचा ‘लाइट्स’ स्विच ‘टेस्ट’वर न्यावा, सगळे दिवे एकदम उजळले तर दिवे ठीक आहेत आणि प्रश्न यंत्रणेचा आहे. एअरबसची रीत निराळी आहे. तिथे बाहेरची वीज उपलब्ध झाली की बटणावर हिरव्या अक्षरांत ‘अव्हेल’ दिसते, आणि सर्व काही सुरळीत असेल तर ओव्हरहेड पॅनेलवर जवळजवळ काहीच उजळलेले नसते. ७३७ वरून ए३२० वर आलेला विद्यार्थी त्या अंधाऱ्या पॅनेललाच बिघाड समजतो.

विजेनंतर हवेकडे वळावे. इंजिन सुरू न होणे हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा अडथळा आहे, आणि त्याचे कारण मी आवर्जून सविस्तर सांगतो, कारण यंत्रणांचे परस्परावलंबन इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. ७३७ चे इंजिन फिरवणारा स्टार्टर विजेवर नव्हे, दाबाच्या हवेवर चालतो, आणि जमिनीवर ती हवा सहसा एपीयूकडून येते. एपीयूची हवा नळीच्या डाव्या बाजूला येते आणि उजव्या बाजूला जाण्यासाठी तिला मधली ‘आयसोलेशन व्हॉल्व्ह’ ओलांडावी लागते. या व्हॉल्व्हचा स्विच ‘ऑटो’वर असताना दोन्ही इंजिनांचे ब्लीड (इंजिनातून दाबाची हवा घेणारे) स्विच चालू आणि दोन्ही पॅकही (केबिनची हवा गार करणारी यंत्रेही) चालू असतील, तर व्हॉल्व्ह बंद राहते, पॅक किंवा ब्लीड यांपैकी एकही स्विच बंद केला की ती उघडते. परिणामी पॅक बंद करायला विसरलेला विद्यार्थी प्रथेप्रमाणे उजवे, म्हणजे दोन क्रमांकाचे, इंजिन आधी सुरू करू पाहतो, स्टार्ट स्विच ‘ग्राउंड’वर नेतो, आणि एन-टूचा, म्हणजे इंजिनाच्या आतल्या दांड्याच्या वेगाचा टक्क्यांतला, आकडा हलतही नाही. अशा वेळी ओव्हरहेडवरच्या डक्ट प्रेशरच्या घड्याळाकडे पाहावे. त्यात ‘एल’ आणि ‘आर’ असे दोन काटे असतात. डावा काटा दाब दाखवतो आणि उजवा शून्यावर असेल तर हवा कुठे अडली हे त्या एका दृष्टिक्षेपात कळते. दोन्ही काटे वर असतील आणि तरीही इंजिन फिरत नसेल, तरच स्टार्टरकडे किंवा अ‍ॅड-ऑनकडे संशयाने पाहावे.

इंजिन फिरू लागल्यावरही घाई करू नये. एन-टू सुमारे २५ टक्क्यांवर पोहोचल्यावर इंधनाचा लिव्हर ‘आयडल’वर न्यायचा असतो, त्याआधीच नेला तर ईजीटी, म्हणजे इंजिनाबाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, झपाट्याने चढते आणि चांगले अ‍ॅड-ऑन ‘हॉट स्टार्ट’ दाखवते. स्टार्ट स्विच सुमारे ५६ टक्क्यांना आपोआप ‘ऑफ’वर परत येतो. तो परत आलाच नाही, तर जॉयस्टिकवरचे एखादे बटण त्याच स्विचला जोडले गेले आहे का ते तपासावे.

विमानाची हालचाल स्वतः मोजून त्याची जागा ठरवणाऱ्या आयआरएस या दिशादर्शन यंत्रणेत मात्र अडचण वीज किंवा हवेची नसून माहितीची असते. स्विच ‘नॅव्ह’वर नेल्यावर ‘ऑन डीसी’ दिवा काही सेकंद लागून विझतो आणि ‘अलाइन’ दिवा स्थिर राहतो, हे योग्यच आहे. ‘अलाइन’ लुकलुकू लागला तर विमानाची जागा भरलेली नाही किंवा भरलेली जागा यंत्रणेला पटलेली नाही असे समजावे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळासाठी ती जागा उत्तर २१ अंश ५ मिनिटे आणि पूर्व ७९ अंश ३ मिनिटे यांच्या आसपास आहे. रेखांश तीन आकड्यांत, म्हणजे ०७९ असा भरायचा असतो आणि आधीचे शून्य गाळले की एफएमसी, म्हणजे उड्डाणाचा संगणक, नोंद नाकारते. अलाइन होण्यास विषुववृत्ताजवळ सुमारे ५ मिनिटे आणि उत्तरेकडच्या दूरच्या अक्षांशांवर त्याच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणून नागपुरात फार थांबावे लागत नाही. या काळात विमान हलवले तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुशबॅकची घाई केलेल्या विद्यार्थ्याला पुढे धावपट्टीवर नकाशाच दिसत नाही, आणि तो दोष नकाशाच्या डिस्प्लेला देतो.

ऑटोपायलट टिकत नाही या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या थरात सापडते. जॉयस्टिक जुनी झाली की ती हात न लावताही थोडे थोडे संकेत पाठवत राहते, आणि काही अ‍ॅड-ऑन त्या संकेतांना वैमानिकाने कंट्रोल ओढल्याचे समजून ऑटोपायलट सोडतात. सेटिंगमध्ये मध्यभागी थोडा डेड झोन, म्हणजे हालचाल मोजली न जाणारा भाग, ठेवला की हे थांबते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे एकाच क्रियेला दोन उपकरणे जोडलेली असणे. नवे थ्रॉटल किंवा गेमपॅड जोडले की सिम्युलेटर त्याला स्वतःच्या मूळ जोडण्या देतो, आणि मग ऑटोथ्रॉटल एक सांगतो व गेमपॅडचा अक्ष दुसरेच सांगतो. पॅडल उलटे जोडले गेल्यामुळे ब्रेक कायम दाबलेले राहणे हाही याच जातीचा दोष आहे. यांवर उपाय एकच. आवश्यक तेवढे एक उपकरण सोडून बाकी सगळी काढावीत आणि मग एकेक जोडत जावे.

नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर आयएलएसने, म्हणजे धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे, उतरण्याचा सराव करताना विमान धावपट्टीच्या रेषेला वळत नाही, असेही मला पुष्कळ जण सांगतात. आयएलएसची वारंवारिता चालू खिडकीत न जाता ‘स्टँडबाय’ खिडकीतच राहिली आहे का, कोर्स (धावपट्टीची दिशा) भरला आहे का आणि ‘अ‍ॅप्रोच’ बटण दाबले आहे का, हे याच क्रमाने पाहावे. नेव्हिगेशनचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. सिम्युलेटर आणि अ‍ॅड-ऑन यांचा डेटा वेगवेगळ्या काळातला असेल तर मार्गातला एखादा बिंदू सापडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

उन्हाळ्याचा उल्लेख नागपूरकराने टाळूच नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान लावले, तर सुमारे ३१५ मीटर उंचीवरच्या या विमानतळावर हवेची विरळता जवळजवळ ५,००० फूट उंचीसारखी होते. विमान रेंगाळत वेग घेते, ३,२०० मीटरच्या धावपट्टीचा नेहमीपेक्षा अधिक भाग वापरते, आणि केबिन गार होण्यास वेळ लागतो. हा अ‍ॅड-ऑनचा दोष नसून त्याच्या अचूकतेचा पुरावा आहे. वजन आणि तापमान यांचे आकडे टेकऑफच्या हिशेबात भरून पाहिल्यास ते लगेच पटते. मात्र त्याच दुपारी खोलीतला संगणकही तापतो, प्रोसेसर आपली गती उतरवतो, फ्रेम कमी होतात आणि एफएमसीची बटणे दोनदा दाबावी लागतात. कॅबिनेट कुलरच्या ओलसर झोतात ठेवू नये, पण भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. अवकाळीच्या वादळात वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय अ‍ॅड-ऑनचे अपडेट सुरूच करू नये, कारण अर्धवट उतरलेली फाइल हा तिसऱ्या थरातला खराखुरा बिघाड आहे.

त्या तिसऱ्या थराविषयी फार सांगण्यासारखे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘कम्युनिटी’ फोल्डरमधली बाकीची सर्व अ‍ॅड-ऑन बाजूला काढून एकटे विमान चालवून पाहावे, आणि एक्स-प्लेनमध्ये ‘लॉग’ फाइलच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. अँटिव्हायरसने एखादी फाइल अडवली आहे का ते पाहावे. विमानाच्या टॅबलेटमध्ये यादृच्छिक बिघाडांचा पर्याय चालू राहिलेला नाही ना, हेही तपासावे, कारण तो चालू असेल तर दिसणारा बिघाड मुद्दाम घडवलेला असतो.

देखभाल अभियंता होऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परवान्यात टर्बाइन इंजिनांच्या विमानांसाठी बी १.१ आणि एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी) बी २ असे वर्ग आहेत, आणि परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. सिम्युलेटरवरचा वेळ त्या परवान्यासाठी अनुभव म्हणून धरला जात नाही. नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्ती केंद्रासारख्या ठिकाणी विमानावर प्रत्यक्ष हात चालवण्याला तो पर्याय ठरत नाही, आणि तसा भ्रम कोणी बाळगू नये. पण पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेल्या यंत्रणा एकमेकींवर कशा अवलंबून असतात, हे अडलेले पॅनेल फार चांगले शिकवते. म्हणून मी विद्यार्थ्यांना वही एटीए क्रमांकांप्रमाणे, म्हणजे विमानाच्या यंत्रणांना दिलेल्या ठरावीक प्रकरण क्रमांकांप्रमाणे, ठेवायला सांगतो. वीज २४, हायड्रॉलिक २९, दिशादर्शन ३४, दाबाची हवा ३६, एपीयू ४९, ऑटोपायलट २२. प्रत्येक अडचणीची नोंद करताना काय दिसले, कोणते दिवे लागलेले होते, त्याआधी कोणते स्विच हलवले होते, कोणती एकच गोष्ट बदलली आणि मग काय झाले, एवढे लिहावे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कोणत्या बदलामुळे अडचण सुटली ते कळत नाही, आणि ती नोंद निरुपयोगी ठरते.

अखेरीस दोष अ‍ॅड-ऑनचाच निघाला, तर त्याच वहीतली नोंद निर्मात्याला पाठवावी. सिम्युलेटरची आणि अ‍ॅड-ऑनची आवृत्ती, विमानतळ, विमान कोणत्या स्थितीत उघडले, कोणते स्विच कोणत्या क्रमाने हलवले, आणि ओव्हरहेड पॅनेल पूर्ण दिसेल असे एक छायाचित्र, एवढे त्यात असावे. केवळ अडलेल्या बटणाचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवल्यास त्याचा उपयोग होत नाही, कारण अडचणीचे मूळ सांगणारा दिवा बहुधा त्या चौकटीच्या बाहेर असतो.