ट्रेकसाठी सेकंडहँड बाईक घेताय? या चुका टाळा

शेवटची कसारा लोकल पकडायची, स्टेशनवर पथारी टाकायची आणि पहाटे जीप भरायची वाट बघत बसायचं, हे मी बरीच वर्षं केलं. कर्जत, कसारा, आसनगाव इथपर्यंत रेल्वे आपल्याला आणून सोडते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा चढायचा तर उजाडायच्या आत गाव सोडावं लागतं आणि त्या वेळी मोरोशीच्या फाट्यावर काळं कुत्रंही नसतं. पाचनई, रतनवाडी, खांडस, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. म्हणून मुंबईतला ट्रेकर कधी ना कधी बाईक घेतो आणि बहुतेक वेळा सेकंडहँड घेतो.

गाडी बघताना आपल्या डोळ्यांसमोर असतो तो जाताना दिसणारा रस्ता. मी सांगेन, रविवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा तास चालून पोटऱ्या भरून आल्या आहेत, मागे मित्र बसला आहे, दोन सॅक आहेत, पाऊस आहे आणि घर अजून शंभर किलोमीटर लांब आहे. त्या वेळी जी गाडी घरी आणेल ती ट्रेकची गाडी. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत किंवा जवळच्या मित्रांना करताना पाहिल्या आहेत.

ताकद बघून गाडी घेणे

पहिली चूक हीच. "घाट चढायचाय, मोठं इंजिन हवं," असं जो तो म्हणतो. पण आपण जातो त्या रस्त्यांवर वेग कुठे काढणार? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, तिन्ही दुचाकींना बंद. आपल्या वाट्याला येतो तो जुना पुणे हायवे, कल्याण-मुरबाड-माळशेज, नाहीतर कर्जतहून आत जाणारे अरुंद रस्ते. बहुतेक गावांपर्यंत डांबर पोचलंय, पण शेवटचा पट्टा पावसाळ्यात लाल चिखलाचा असतो.

तिथे कसोटी लागते वजनाची. स्प्लेंडरचं वजन 112 किलो. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 जवळजवळ 200 किलोंची. हिमालयन उत्तम गाडी आहे, भंडारदऱ्यापर्यंतच्या लांब पल्ल्याला तिच्यासारखी बैठक नाही. पण चिखलात आडवी झालेली 200 किलोंची गाडी दमलेल्या माणसाने एकट्याने उभी करून बघावी. हिरोची एक्सपल्स 200 मधली वाट काढते. पुढचं चाक 21 इंची, जमिनीपासून उंची 220 मिलिमीटर, दगडधोंड्यांना घाबरत नाही. फक्त सीट 823 मिलिमीटर उंच आहे. तुमची उंची कमी असेल तर घेण्याआधी दोन्ही पाय टेकतात का ते बघा, आणि मागे माणूस बसवून बघा.

दुसरा निकष, गाडी बिघडली तर मुरबाडला, घोटीला, कर्जतला तिचा सामान मिळेल का. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्यांचा सामान तालुक्याच्या कुठल्याही दुकानात टांगलेला असतो. वेगळ्या गाड्यांचा सामान हुडकायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा माराव्या लागतात, आणि रविवारी संध्याकाळी टोकावड्यात उभं असताना कुर्ला फार लांब असतं. माझं मत विचाराल तर पहिली गाडी हलकी, साधी आणि सगळीकडे दिसणारी घ्या, आणि वाचलेले पैसे टायर, ब्रेक आणि चेन सेटवर (चेन आणि तिची दातेरी चक्रं) घाला.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखता न येणे

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे मुंबईकराला सांगायला नको. तसा दिवस रोज येत नाही, पण सखल भागातल्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात गाड्या बुडतात. त्यातल्या काही धुऊनपुसून दसरा-दिवाळीच्या सुमारास विकायला येतात.

मी अशी एक घेतली होती. ऑक्टोबरचा महिना, गाडी चकाचक, किंमतही बरी. पहिले दोन ट्रेक छान झाले. तिसऱ्या वेळी मुरबाडच्या पुढे अंधारात हेडलाइट गेला, मग इंडिकेटर, मग हॉर्न. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकदादांनी हेडलाइट उघडला, तर आतल्या कोपऱ्यात बोटभर वाळलेला गाळ होता. त्यांनी तो नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. वायरिंगच्या एकेका सॉकेटमध्ये हिरवं कीट चढलं होतं. अख्खं वायरिंग बदलावं लागलं.

तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना एक स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन जातो. सीट काढायची. फ्यूजच्या डबीतल्या पट्ट्यांवर गंज आहे का, एअर फिल्टरच्या खोक्यात गाळाची रेघ आहे का, मीटरच्या काचेआड वाफ धरली आहे का, हे बघायचं. ऑइलचं झाकण उघडून आत पाहायचं. दुधाच्या चहासारखा रंग दिसला की पाणी आत गेलंय, तिथूनच परत फिरा. मालकाने स्क्रूड्रायव्हर लावू दिला नाही, तरीही परत फिरा.

गाडी थंड असताना बघायला मिळावी असं आधीच सांगून ठेवा. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू होण्यातल्या सगळ्या खोडी लपवतं. मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा. मध्यावर कट्‌ असं अडकलं तर हँडलचे बेअरिंग गेलेत, म्हणजे गाडीने खड्डे खूप खाल्लेत. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चक्रावरची चेन बोटाने मागे ओढा, दात अर्धा उघडा पडला तर चेन सेट संपलाय. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही छान दिसो, सहा-सात वर्षांपूर्वीचं रबर ओल्या घाटात धरत नाही.

कागदपत्रं "नंतर करू" म्हणणे

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. गाडी कर्जावर असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35. विमा तुमच्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात. त्यानंतर गाडीचं नुकसान झालं तर कंपनी पैसे नाकारू शकते. थकलेली ई-चलनं गाडी ताब्यात घेण्याआधी तपासा. गाडीला 15 वर्षं होत आली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर किंमत ठरवतानाच धरा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का तेही बघा.

चेनकडे शहराच्या हिशोबाने बघणे

एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायला वेळ असेल तर ती चेन. शहरात ऑफिसला जाणाऱ्या गाडीची चेन महिनाभर विसरली तरी भागतं. ट्रेकच्या गाडीची चेन एका रविवारात चिखल, वाळू आणि पाणी खाते. ओली माती चेनच्या रोलरमध्ये घुसली की पॉलिश पेपरसारखं काम करते.

चेन घट्ट असली की गाडी छान चालते असा एक समज आहे आणि काही मेकॅनिकही तशीच घट्ट करून देतात. आपण डबलसीट दोन सॅक घेऊन बसलो की मागचं चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर आधीच ताणलेली असेल तर पुढे काय होणार? माझी चेन अशीच तुटली, बेलपाड्याहून परतताना, हायवेला लागायच्या आधी. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची क्लिप निसटून गेली होती. नशिबाने सपाटीवर होतो. बैलगाडी घेऊन चाललेल्या एका मामांनी गाडी त्यांच्या घरापर्यंत ढकलायला हात लावला, त्यांच्या ओट्यावर आम्ही रात्र काढली आणि सकाळी मुरबाडहून वीस-पंचवीस रुपयांचा लॉक आणला.

म्हणून गाडी रिकामी असताना चेन मधोमध साधारण 25 ते 35 मिलिमीटर वरखाली हलली पाहिजे. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. साफ करायला केरोसीन आणि जुना टूथब्रश, पेट्रोल नको. नंतर कोरडी पुसून चेनच्या आतल्या बाजूला 90 चं गिअर ऑइल थेंबथेंब सोडा. चेन कोमट असताना, म्हणजे घरी पोचल्या पोचल्या, तेल आत शिरतं. सकाळी निघताना घातलेलं तेल तासाभरात मागच्या मित्राच्या पँटवर उडतं. आणि लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटी बसवलेली क्लिप एखादा दगड लागला तरी उडते. गॅरेजमधून गाडी आणली की एवढं वाकून बघाच.

कारचं ऑइल घालणे

घरात कारचं उरलेलं ऑइल असतं, ते बाईकला घातलं जातं. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर जासो एमए (JASO MA) किंवा एमए2 (MA2), म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचं प्रमाण, लिहिलेलं बघून घ्या.

पाण्याला कमी लेखणे

ओढ्यातून गाडी काढल्यावर ड्रम ब्रेक काही वेळ लागतच नाहीत. पलीकडे आल्यावर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबत राहा, घासून पाणी उडून जातं. उतार लागायच्या आधी हे करायचं.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी कोरड्यात आणा, चावी बंद, स्पार्क प्लग काढा, पाच-दहा किक मारून पाणी बाहेर उडू द्या. किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून ढकला.

पेट्रोलमधलं पाणी हा अलीकडे वाढलेला त्रास. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका आणि झाकणाचं रबर तपासा. कार्बोरेटरची गाडी असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले की आचके का बसतात ते कळेल.

सुरू होत नाही म्हणून लगेच घाबरणे

ट्रेक उतरून आलात, गाडी दाद देत नाही. आधी हँडलवरचा लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बघा. सॅक टेकवताना, हँडलला रेनकोट टांगताना तो बंद होतो आणि माणसं अर्धा अर्धा तास किक मारत बसतात. मग साइड स्टँड. नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर चालतच नाहीत. मग पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी. एवढं ठीक असेल तर प्लगची टोपी काढून आतून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, दिवसभर पावसात उभ्या गाडीचा आजार बहुधा तिथेच असतो. तरीही नाही झाली तर प्लग काढा. टोक ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी नाही. कोरडं असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

बीएस6 गाड्या, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या, बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांचा पेट्रोल पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली तर धक्का मारूनही उपयोग नाही. अशा गाडीवर रात्रभर मोबाइल चार्जिंगला लावून ठेवू नका.

सोबत ठेवायचं सामान थोडंच आहे: नवा प्लग आणि प्लगचा पाना, चेन लॉक, पक्कड, दोन फ्यूज, पंक्चरचा किट, छोटा पंप. क्लच केबल मात्र सॅकमध्ये ठेवू नका. नवी केबल जुनीच्या शेजारून टाकून टेपने बांधून ठेवा. तुटली की दोन टोकं बदलायची, पाच मिनिटांत निघायचं.

गावात गाडी रस्त्याकडेला टाकून जाऊ नका. "मावशी, अंगणात गाडी लावू का?" असं विचारलं तर आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. उतरल्यावर त्यांच्याकडेच चहा-पोहे घ्या, पैसे आठवणीने द्या. साइड स्टँडखाली तळहाताएवढा चपटा दगड ठेवा, नाहीतर पावसाने माती भिजली की स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. दुसरी चावी मागे बसणाऱ्याच्या सॅकमध्ये. हरिश्चंद्रगडावर हरवलेली चावी शोधायला कोणी परत चढत नाही.

आणि दुपारी चारच्या आत गाव सोडता आलं नाही, माळशेजला धुकं उतरलं असेल, तर तिथेच मुक्काम करा. निघालातच तर ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडू नका. इंजिनाने गाडी धरली की ब्रेक गरम होत नाहीत. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला. मागचा मित्र पेंगायला लागला तर त्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. तेवढी खूण पुरे, पुढच्या टपरीवर गाडी थांबवा.