रॉक बँडची ओळख आणि प्रसिद्धी: भोसरीच्या वर्कशॉपमध्ये शिकलेले काही

पहिल्या मोठ्या शोसाठी आमची निवड झाल्याचे ज्या संध्याकाळी कळले, त्याच संध्याकाळी आयोजकांनी आमच्याकडे दोन गोष्टी मागितल्या: बँडचा एक फोटो आणि बँडविषयी चार ओळी. आमच्याकडे सहा गाणी तयार होती, त्यांतल्या तीन गाण्यांचे चांगले ध्वनिमुद्रण झालेले होते आणि दीड वर्ष न चुकता तालीम चालू होती. या दोन साध्या गोष्टी मात्र नव्हत्या. मी पुण्यातल्या चार जणांच्या या बँडमध्ये अकरा वर्षे बेस गिटार वाजवली, आणि त्या संध्याकाळनंतर प्रसिद्धीचे कामही माझ्याकडे आले ते शेवटपर्यंत राहिले. आता नव्याने वाजवू लागलेली मुले-मुली माझ्याकडे याच कामाविषयी विचारायला येतात, आणि आम्ही चुकलो होतो तिथेच चुकताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या रात्री आम्ही घाईघाईने फोटो काढला. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर चौघे काळे टी-शर्ट घालून, हाताची घडी घालून, कॅमेऱ्याकडे न बघता उभे राहिलो. शोच्या पोस्टरवर सात बँड होते आणि त्यांतल्या पाच जणांचे फोटो जवळजवळ असेच होते. कार्यक्रम संपल्यावर एका श्रोत्याने आमच्या एका गाण्याचे मनापासून कौतुक केले, पण दुसऱ्याच बँडचे नाव घेऊन. ती चूक त्याची नव्हती, कारण आमचे गाणे आणि आमचे नाव यांची सांगड घालून देणारे काहीही आम्ही त्याच्यासमोर ठेवले नव्हते. प्रतिमा म्हणजे काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले: गाणे ऐकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ते गाणे पुन्हा शोधता यावे, यासाठी त्याच्या मनात राहणारी खूण.

ही खूण आम्हाला आमच्या तालमीच्या जागेतच सापडली. भोसरी एमआयडीसीत आमच्या ड्रमरच्या काकांचे छोटे वर्कशॉप होते. त्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोन लेथ आणि एक पॉवर प्रेस यांच्यामधल्या जागेत ड्रम मांडून वाजवत असू. आमच्या गाण्यांत कारखान्याची पाळी, ओव्हरटाइम, बदली कामगार असे विषय होते, आणि दोन गाण्यांचा ठेका तर प्रेसच्या ठोक्यावरूनच सुचलेला होता. असे असूनही फोटोसाठी आम्ही दुसरीकडे कुठेतरी जात होतो, हे आमच्या गायिकेने एकदा बोलून दाखवले. पुढच्या गुरुवारी ट्यूबलाइटच्या उजेडात, जसे वाजवायला बसतो तसेच बसून आम्ही फोटो काढले. त्यानंतर पोस्टरसाठी आलेखाचा कागद आणि मशीनला असतो तो फिकट हिरवा रंग आम्ही कायमचा ठरवून टाकला, आणि गाण्यांची नावे कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतात तशा अक्षरांत लिहू लागलो. यातले काहीही विकत आणलेले नव्हते, आणि म्हणूनच ते अकरा वर्षे टिकले.

नव्या बँडला मी या संदर्भात नेहमी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे उदाहरण देतो, आणि त्याचे एक कारण आपल्या जवळचे आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, वयाच्या आठव्या वर्षापासून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुढे लंडनला त्याने ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले, आणि क्वीनचे बोधचिन्ह त्याने स्वतःच काढले. त्यातले दोन सिंह, खेकडा आणि दोन पऱ्या या बँडमधल्या चौघांच्या राशींच्या खुणा आहेत: डीकन आणि टेलर यांची सिंह, मे याची कर्क आणि स्वतः फ्रेडीची कन्या. चिन्ह राजघराण्याच्या मुद्रेसारखे भव्य आहे, पण त्यातला मजकूर चार माणसांचा आहे, आणि हाच त्याचा मला सर्वांत भावणारा गुण आहे. १९७४ साली त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मिक रॉक या छायाचित्रकाराने काळ्या पार्श्वभूमीवर वरून उजेड पडलेले चार चेहरे टिपले. दुसऱ्याच वर्षी ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाण्याची चित्रफीत करताना त्यांनी तीच मांडणी पुन्हा वापरली. ही चित्रफीत सुमारे चार तासांत चित्रित झाली असे सांगतात, आणि ते शक्य झाले याचे एक कारण मला असे वाटते की आपण कसे दिसतो हा प्रश्न बँडने आधीच सोडवून ठेवलेला होता. नव्या बँडची प्रवृत्ती दर गाण्याला नवे रूप घेण्याची असते. त्याऐवजी एक चांगले रूप दोन-तीन वर्षे धरून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

बोधचिन्हाविषयी थोडे व्यावहारिक सांगतो. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडची ओठ आणि जीभ ही खूण जॉन पाश या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने १९७० साली काढली आणि त्याला त्या वेळी ५० पौंड मिळाले. त्यामागे कालीमातेच्या चित्रातल्या बाहेर काढलेल्या जिभेची प्रेरणा होती. ही खूण एका रंगात छापली तरी ओळखू येते आणि नखाएवढी लहान केली तरी पुसट होत नाही. आपले चिन्ह हातात आल्यावर ते मोबाइलवरच्या लहान गोल चौकटीत, काळ्या टी-शर्टवर एका रंगात आणि रंगमंचामागच्या पडद्यावर अशा तीन ठिकाणी लावून पाहावे. मेटल, म्हणजे जड आणि आक्रमक रॉक वाजवणाऱ्या बँडची काटेरी अक्षरे त्या प्रकारच्या श्रोत्यांना आपलीशी वाटतात, हे मी मान्य करतो. परंतु ज्याला ती वाचता येत नाहीत त्याच्यासाठी साध्या अक्षरांतले नावही पोस्टरवर कुठेतरी असले पाहिजे.

एक चूक आम्ही नंतरही केली, आणि ती मला अजून सलते. आम्ही पुण्याचे असल्यामुळे एका चित्रफितीत ढोल-ताशा पथक आणि फेटे घ्यावेत, असे एका निर्मात्याने सुचवले आणि आम्ही ते मान्य केले. गाण्यात ढोलाचा एकही ठोका नव्हता. चित्रफीत देखणी झाली, परंतु पथकात वाजवणाऱ्या मित्रांनी ती पाहून काहीच प्रतिक्रिया दिली नाही, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ आम्हाला कळला. याच्या उलट दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडकडे पाहावे. २०१६च्या सुमारास त्यांनी लोकप्रिय गाण्यांची मेटल रूपे करून ती यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, त्यातून श्रोते जोडले, नंतर स्वतःची गाणी केली आणि २०१९ साली जर्मनीतल्या वाकन या मेटल महोत्सवात वाजवले. त्यांचा ढोल आणि बासरी हे गाण्याच्या रचनेतच आहेत, त्यामुळे रंगमंचावर ढोल दिसतो तेव्हा तो सजावटीचा वाटत नाही. अभंगांना गिटार आणि ड्रमची जोड देणारा मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँडही याच कारणासाठी अभ्यासावा. जे कानाला ऐकू येत नाही ते डोळ्यांना दाखवू नये, एवढे पथ्य मी त्या चित्रफितीनंतर पाळले.

नाव ठरवतानाही हाच विचार उपयोगी पडतो. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ साली, देशभर नाव झालेले असताना, स्वतःला ‘इंडस क्रीड’ म्हणवून घेतले, कारण त्यांच्या संगीतात भारतीय रंग येऊ लागला होता आणि जुने नाव त्याला पुरेसे नव्हते. इतका मोठा बदल पुढे करावा लागू नये म्हणून सुरुवातीलाच वेळ द्यावा. नाव इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्या सर्व सेवांवर शोधून पाहावे आणि ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदीतही तपासावे. कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, ध्वनिमुद्रणासाठी वर्ग ९ आणि टी-शर्टसाठी वर्ग २५ असे वेगवेगळे वर्ग असतात. नवा बँड निदान पहिल्या वर्गात नोंदणी करू शकतो. नाव मराठी असेल तर त्याचे रोमन लिपीतले एकच रूप पहिल्या दिवशी ठरवून चौघांनी लिहून ठेवावे. आमच्या नावातला दीर्घ ‘आ’ कधी एका तर कधी दोन अक्षरांनी लिहिला गेला, आणि त्यामुळे एकाच सेवेवर आमची तीन वेगवेगळी पाने तयार झाली. ती एकत्र करून घ्यायला सात महिने गेले.

गाणे प्रसिद्ध करण्याचे काम ते गाणे पूर्ण होण्याआधी सुरू होते, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. आम्ही रात्री दोन वाजता मिक्सिंग, म्हणजे मुद्रित केलेले वेगवेगळे आवाज जुळवण्याचे काम, संपवून सकाळी गाणे टाकून मोकळे होत असू. आता मी मिक्सिंग आणि प्रसिद्धी यांच्यात किमान चार ते पाच आठवडे ठेवायला सांगतो. गाणे या सेवांवर वितरकामार्फत जाते आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा, कारण वितरक बदलला तर त्या क्रमांकावरूनच जुन्या ऐकण्यांची नोंद पुढे चालू राहते. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेच्या संपादकांकडे गाणे विचारासाठी पाठवायचे असेल तर ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवावे, म्हणजे निदान आपल्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की येते. गाणे तीस सेकंद ऐकले गेले तरच तिथे ते एकदा ऐकले असे धरले जाते, म्हणून दोन मिनिटांची संथ प्रस्तावना असलेले गाणे पहिले म्हणून निवडताना विचार करावा. यासाठी गाण्याची रचना बदलावी, असे मात्र मी कधीही म्हणणार नाही.

पैशांविषयी स्पष्ट बोलायला हवे. गेल्या बारा महिन्यांत एक हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर २०२४ पासून मानधन मिळत नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षे या वाटेने खर्च भरून निघेल ही अपेक्षा ठेवू नये. याउलट, गीतकार आणि संगीतकार म्हणून, त्यांचे मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होणे आणि प्रत्येक गाण्याची नोंद करणे हे काम बहुतेक बँड वर्षानुवर्षे टाळतात, आणि हक्काचे पैसे कुणीतरी मागेपर्यंत पडून राहतात. गाण्यात कुणाचा किती वाटा, हे मैत्री चांगली असतानाच एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात.

तिसऱ्या वर्षी आम्ही एका प्रसिद्धी करून देणाऱ्याला बावीस हजार रुपये दिले. दहा दिवसांत आमचे गाणे हजारो वेळा ऐकले गेल्याचे दिसू लागले आणि आम्ही आनंदात होतो. ती सगळी ऐकणी यंत्राने घडवलेली होती. महिन्याभरात सेवेने ते गाणेच काढून टाकले आणि त्याबरोबर आमच्या खऱ्या श्रोत्यांनी आपल्या याद्यांत साठवलेले दुवेही गेले. आकड्याची हमी देणाऱ्या माणसाला पैसे देऊ नयेत. याउलट क्वीनचेच पाहा: ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळपास सहा मिनिटांचे असल्यामुळे ते रेडिओवर कुणी लावणार नाही, असे त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीला वाटत होते. केनी एव्हरेट या निवेदकाला ते इतके आवडले की लंडनच्या कॅपिटल रेडिओवर त्याने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवले. आपल्याला शोधायचा असतो तो असा एक माणूस: महाविद्यालयातला संगीतवेडा विद्यार्थी, छोट्या क्लबमध्ये बँड ठरवणारी व्यक्ती, संगीतावर मन लावून लिहिणारा कुणी. अशा वीस जणांना प्रत्येकाच्या नावाने, त्यांनी याआधी काय लिहिले किंवा वाजवले ते पाहून, सहा ओळींचे पत्र पाठवावे. आम्ही पाठवलेल्या वीस पत्रांपैकी चारांना उत्तर आले आणि त्या चारांतून दीड वर्षाचे शो मिळाले.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची जागा मात्र आजही दुसरे काहीच घेऊ शकत नाही, अशी माझी खात्री आहे. १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने मुंबईच्या रंगभवनात एक पूर्ण पिढी घडवली, आणि २०१० पासून पुण्यात भरू लागलेल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाने नव्या बँडना मोठा श्रोतृवर्ग दिला. तिथपर्यंतची वाट महाविद्यालयांतून जाते. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवातली लाइव्हवायर ही बँडची स्पर्धा त्यांतली एक. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात, आणि आधीचे बँड लांबले की शेवटच्या बँडची वेळ कापली जाते. म्हणून पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम वीस मिनिटांत बसवण्याची तालीमही करून ठेवावी, आणि आपले सर्वांत ओळखीचे गाणे शेवटी न ठेवता दुसरे घ्यावे. रंगमंचाचा आराखडा आणि कोणत्या वाद्याला कोणती जोडणी लागते याची यादी आयोजकांना आठवडाभर आधी पाठवली, तर ध्वनी सांभाळणारी माणसे आपल्याला लक्षात ठेवतात, आणि पुढच्या शोसाठी शिफारस अनेकदा तीच करतात.

टी-शर्टच्या टेबलावर आम्ही एक लांब वही ठेवत असू. ज्याला पुढच्या कार्यक्रमाची खबर हवी असेल त्याने स्वतःच्या हाताने नाव आणि फोन क्रमांक लिहायचा, आणि शेजारी कोणते गाणे आवडले तेही. पहिल्या शोला त्यात नऊ नावे आली आणि सहाव्या वर्षी सोळाशेच्या वर होती. कार्यक्रमानंतर त्या प्रत्येकाला, त्याने लिहिलेल्या गाण्याचा उल्लेख करून, एक निरोप जाई. चौघे नावे वाटून घेऊन गुरुवारी तालीम सुरू होण्याआधी लेथच्या शेजारी बसून ते लिहीत असू.