जिगसॉ पझल जुळलं, आता भिंतीवर लावताना या चुका टाळा

शेवटचा तुकडा बसला की घरात टाळ्या पडतात, फोटो निघतो आणि खरी नासाडी त्यानंतर सुरू होते. व्हॅन गॉगचं ‘द स्टारी नाइट’ जुळवायला मला तीन आठवडे लागले. बिघडवायला एक संध्याकाळ पुरली.

पहिली चूक आपली खास नागपुरी. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, म्हणून पझल हॉलमध्ये कूलरसमोर मांडलं. कूलरची हवा गार लागते ती ओली असते म्हणून. पुठ्ठा ही ओल पितो आणि फुगतो. मग तुकडे दाबून बसवावे लागतात, काढताना वरचा छापील कागद कडेला सुटतो. कूलरच्या झोताबाहेरचा कोपरा बघा. खाली हार्डबोर्ड ठेवा, म्हणजे पाहुणे आले की सगळं दिवाणाखाली सरकवता येतं. गादीवर किंवा सतरंजीवर मांडलेलं पझल उचलायची वेळ आली की कळतं काय होतं ते.

आकाशासारख्या एकसुरी भागात चुकीचा तुकडाही चपखल बसतो आणि शेवटी उरलेला कुठेच बसत नाही. तेव्हा डोळे फोडत बसू नका. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगांचा गोंधळ गेला की ब्रशचा तुटलेला फटकारा लगेच दिसतो. डबा फेकण्याआधी तुकडे मोजा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण आमच्याकडे झाडूवाटे एक गेलाच.

आता माप. डब्यावर ७० × ५० सेंटिमीटर लिहिलं असतं, पण जुळलेलं चित्र काही मिलिमीटर कमीजास्त भरतं. मी नागपूरच्या महाल भागातल्या फ्रेमवाल्याला फोनवर माप सांगितलं, तर तो म्हणाला, “ताई, डब्यावरचं नका सांगू, चित्रच घेऊन या नं.” बरोबर होतं त्याचं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘द स्टारी नाइट’चं मूळ चित्र, १८८९ सालचं, साधारण ७४ × ९२ सेंटिमीटरचं आहे. त्याचं प्रमाण ७० × ५० च्या पझलशी जुळत नाही, म्हणजे कडा आधीच कापल्या असतात किंवा बाजूला पट्टी जोडलेली असते. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं ‘द किस’ तर चक्क चौरस, १८० × १८०. अशा चित्रावर माउंटची, म्हणजे चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी लहान कापली तर आणखी एक सेंटिमीटर जातो. खिडकी कडेवर जेमतेम तीन मिलिमीटर चढेल एवढीच ठेवायला सांगा.

आणि गोंद. इथेच माझी संध्याकाळ गेली. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घातलं आणि चित्रावर वरून ओतलं. सकाळी पाहिलं तर पापडासारखं वळलेलं. पाणी एकाच बाजूने मुरलं की पुठ्ठा त्या बाजूने फुगतो आणि वाळताना तिकडेच आक्रसतो. म्हणून गोंद पातळ करू नका आणि शक्यतो मागून लावा. उलटं करायला चित्राखाली एक आणि वर एक हार्डबोर्ड ठेवा, दोघांनी चारही कोपरे घट्ट धरून एका झटक्यात फिरवा. खाली बेकिंगचा कागद असू द्या, नाहीतर फटींतून झिरपलेला गोंद बोर्डाला चिकटतो. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पातळ थर ओढा. हाताला कोरडं लागलं की वर पुन्हा बेकिंगचा कागद, बोर्ड आणि जाड पुस्तकं, २४ तास. वळलेलंच असेल तर दुसऱ्या बाजूलाही तेवढाच पातळ थर द्या आणि वजनाखाली ठेवा. माझं बरंचसं सरळ झालं. लाकडी पझलला मात्र गोंद लावूच नका, ते पुन्हा पुन्हा जुळवण्यासाठीच असतं.

काच थेट चित्राला टेकवणं ही फ्रेमवाल्यांचीही सवय असते. पावसाळ्यात गोंदाचा थर मऊ पडतो, काचेला चिकटतो आणि पुढे कधी फ्रेम उघडली की रंग काचेसोबत येतो. मध्ये माउंट किंवा बारीक पट्टी हवीच. मागची बाजू टेपने बंद करून घ्या, कसर तिथूनच शिरते. वजनाचाही हिशेब करा. माउंट धरून ८० × ६० ची फ्रेम झाली तर २ मिलिमीटरची काचच सुमारे २.४ किलो भरते, ४ ची जवळपास ५ किलो. एका खिळ्यावर नको, भिंतीत प्लग बसवून दोन स्क्रू मारा. ॲक्रिलिक निम्म्या वजनाचं, पण ओरखडे लवकर पडतात.

भिंत पश्चिमेची नको. आपल्याकडे ती दुपारपासून तापते आणि पावसाळ्यात तीच ओल धरते. आमचं चित्र बोळकांडीत लागलं. झाडूने नेलेला तुकडा मी घरीच केला. खड्ड्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून आकार घेतला, डब्यावरच्या चित्राचा तेवढा भाग मोठा करून छापला आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापला. चंद्राच्या डावीकडे आहे, दाखवल्याशिवाय कुणाला सापडलेला नाही.