अलंकार ओळखताना आधी वाक्य उलगडा

अलंकारांच्या व्याख्या पाठ करायला मी मुलांना कधीच सांगत नाही. 'तिचा आवाज झऱ्यासारखा नितळ आहे' हे एकच वाक्य फळ्यावर लिहिते. वर्णन कशाचं चाललंय? आवाजाचं, ते उपमेय. तुलना कशाशी? झऱ्याशी, ते उपमान. दोघांत सारखं काय? नितळपणा. आणि जोडणारा शब्द 'सारखा'. झाली उपमा.

आता हेच वाक्य थोडं थोडं बदलत जा. 'तिचा आवाज म्हणजे जणू झराच': उपमेय हे उपमानच असावं असं वाटलं, म्हणून उत्प्रेक्षा. 'तिच्या आवाजाच्या झऱ्यात आम्ही न्हाऊन निघालो': दोन्ही एकरूप झाले, म्हणून रूपक. 'हा आवाज नव्हे, हा झराच': उपमेय नाकारलं, अपन्हुती. 'झऱ्याहूनही नितळ आवाज': उपमेय वरचढ, व्यतिरेक. 'तिच्यासारखा आवाज तिचाच': दुसरं उपमानच उरलं नाही, अनन्वय.

'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्यावर मात्र थांबू नका. शब्द केवळ खूण दाखवतो. उपमेय आणि उपमान यांचं नातं वाचूनच निर्णय करा.

चेतनगुणोक्ती त्या मानाने सोपी. 'वारा रुसून बसला' यात निर्जीवाला माणसाचं वागणं दिलंय, बस्स.

'सगळा गाव जागा होता' यात गाव म्हणजे गावातली माणसं. शब्दशः अर्थ जुळत नाही तेव्हा जवळचा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. ही शब्दशक्ती आहे, म्हणजे शब्दाची अर्थ सांगण्याची ताकद; तिला अलंकारांच्या यादीत बसवू नका.