आवडतं नाव फार कॉमन झालंय का? अशी करा खात्री

आपल्याकडे बाळांच्या नावांची दरवर्षी सरकारी क्रमवारी निघत नाही. त्यामुळे नेटवरच्या ‘टॉप १००’ याद्यांवर विसंबू नका. त्यापेक्षा जवळच्या बालवाडीची, नर्सरीची किंवा सोसायटीच्या बक्षीस समारंभाची नावं बघा. तीन-चार वर्षांच्या मुलांची नावं म्हणजे तुमच्या बाळाच्या आसपासची पिढी.

मोजताना फक्त तेच नाव मोजू नका, कानाला सारखं लागणारंही धरा. आरव, अर्णव, अथर्व, आरुष एकाच वर्गात असले की बाईंनी ‘अ’ किंवा ‘आ’ म्हणताच चार माना वर होतात! मैदानावरून हाक मारल्यासारखं नाव मोठ्याने म्हणून बघा. लांबून कधीकधी शेवटचं अक्षरच नीट ऐकू येतं.

आडनाव पाटील, जाधव किंवा शिंदे असेल तर पहिलं नाव जरा वेगळं असलेलं बरं. देशमाने किंवा गोडबोले असेल तर स्वरासारखं कॉमन नावही खुशाल ठेवा. शिवाय कागदावर मधे वडिलांचं नाव येतंच, त्यामुळे तिथला गोंधळ बराचसा टळतो.

वेगळेपणासाठी इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा ‘ए’ किंवा ‘एच’ घुसवू नका. हाक तीच राहते, आधार आणि शाळेच्या दाखल्यात मात्र स्पेलिंग जुळत नाही.

बारशाची घाई असली तरी कागदावरच्या नावाची नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात विनाशुल्क.