डिझेल यार्ड पहिल्यांदा हाती येतं तेव्हा

सेफ्टीचा डिप्लोमा किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेऊन कारखान्यात रुजू झालात की लवकरच डिझेल यार्डची फाईल तुमच्याकडे येते. डीजी सेटचं, म्हणजे जनरेटरचं, डिझेल, दोन टाक्या, भोवती भिंत. त्यात बघायचं काय, असं बरेच जण सांगतील. कोकणातल्या रासायनिक पट्ट्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत उलट झालंय. त्या भिंतीला, म्हणजे डाइकला, नवख्याने सगळ्यात आधी वेळ द्यावा. आणि तो पावसाळ्यापूर्वी द्यावा.

आधी परवाना बघा. डिझेल कायद्याने पेट्रोलियमच्या ‘ब’ वर्गात येतं. एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो; टाक्यांतल्या साठ्याचा तो पेसो, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था, देते. 200 लिटरची 12 बॅरल बसतात, तेरावं बसत नाही. ही मर्यादा फक्त डिझेलची नाही, ‘ब’ वर्गाच्या सगळ्या पेट्रोलियमची आहे. पेंट स्टोअरमधलं टर्पेंटाइनही त्या बेरजेत येतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

आता डाइक. तेल उद्योगाचं ओआयएसडी 118 हे मानक सांगतं की आतली सगळ्यात मोठी टाकी पूर्ण फुटली तरी सगळं तेल आत मावलं पाहिजे. भिंत आतल्या जमिनीपासून किमान 1 मीटर, जास्तीत जास्त 2 मीटर. इंग्लंडच्या नियमांत हाच हिशोब सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के असा धरतात. समजा तुमचं यार्ड 8 बाय 6 मीटर आहे आणि त्यात 20 हजार लिटरच्या, अडीच मीटर व्यासाच्या दोन उभ्या टाक्या आहेत. 48 चौरस मीटरमधून न फुटलेल्या टाकीखालची जागा वजा केली की 43 उरतात. 20 घनमीटर डिझेल तिथे साधारण 47 सेंटीमीटर चढेल. 1 मीटरची भिंत आहे, म्हणजे ड्रॉइंगवर सगळं झकास.

पण ड्रॉइंगवर पाऊस पडत नाही. टाक्यांच्या माथ्यावर पडलेलं पाणीही डाइकमध्येच येतं, म्हणून पाऊस मोजताना पूर्ण 48 चौरस मीटर धरायचे. साठायला मात्र टाक्या वगळून 38च मिळतात. 100 मिलिमीटर पाऊस, जो आमच्याकडे नवलाचा नाही, 12-13 सेंटीमीटर पाणी भरतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. तेवढा पाऊस या यार्डात झाला तर 45 घनमीटर पाणी, आणि भिंतीच्या काठापर्यंत जागा 38 घनमीटरची. टाकीतून थेंबही न गळता डाइक ओसंडून वाहील. म्हणून यार्डावर छप्पर मागा. खर्चाचं कारण पुढे आलं तर हा हिशोब कागदावर लिहून द्या.

पाणी काढावं लागतं म्हणून डाइकला ड्रेन व्हॉल्व्ह असतो, आणि खरी काळजी त्याचीच. जुलैमध्ये रोज उघडायचा कंटाळा येतो, मग तो उघडाच राहतो. उघडा व्हॉल्व्ह म्हणजे डाइक नाहीच. व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर हवा, कुलूपबंद हवा, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. उघडण्याआधी पाण्यावर तवंग आहे का ते बघायचं; माणूस तिथेच उभा राहणार; उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ सहीनिशी वहीत. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे आधी स्वच्छ पाणी जातं आणि शेवटी डिझेल. ‘पाणी तर चांगलं येतंय’ म्हणून निघून जाणं म्हणूनच धोक्याचं. तवंग दिसला तर ते पाणी गटारात जाणार नाही, ऑइल सेपरेटरकडे जाईल.

भिंतीत पाइप जिथून जातात त्या फटी, काँक्रीटचे सांधे, फरशीतल्या भेगा, हे बोट लावून तपासा. 2005 मध्ये इंग्लंडच्या बन्सफील्ड डेपोत आग लागली तेव्हा डाइकच्या सांध्यांतून आणि भिंतीतल्या छिद्रांतूनच इंधन बाहेर गेलं.

मग यार्डाबाहेर चाला. 2 जानेवारी 1988 ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे डिझेलची मोठी टाकी भरता भरता फुटली. लाट डाइकवरून उसळली, शेजारच्या जागेत शिरली आणि तिथल्या पावसाळी गटारातून लाखो लिटर डिझेल मोनोंगहेला नदीत पोचलं. तुमच्या यार्डाजवळचं गटार कुठल्या नाल्याला मिळतं ते नकाशावर न बघता पायी जाऊन बघा.

रोजची सांडलवंड मात्र टाकी फुटून होत नाही, टँकर रिकामा करताना होते: होजचं कपलिंग, जुनं गॅस्केट, डिप न घेता, म्हणजे टाकीतली पातळी न मोजता, सुरू केलेला पंप. ही जागा बहुतेक ठिकाणी डाइकच्या बाहेर असते. तिथे उतार देऊन छोटा खड्डा करून घ्या, कोरडी वाळू जवळ ठेवा, आणि ऑपरेटरशी बोला. कुठलं कपलिंग ठिबकतं ते त्याला पाठ असतं. डिझेल शोषलेली वाळू कचऱ्यात टाकायची नाही. 2016 च्या नियमांत तो घातक कचरा आहे, अनुसूची 1 मधली 5.2 नोंद. बंद ड्रममध्ये, लेबल लावून, साधारणपणे 90 दिवसांच्या आत अधिकृत केंद्राकडे पाठवायचा. त्यामुळे ड्रमवर भरल्याची तारीख त्याच दिवशी घाला.