इंजिनाचं काम निघालंय? चावी देण्याआधी जॉबकार्ड वाचा

"वॉरंटीत बसेल ना ओ?" सांगलीत एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर नऊ वर्षं मी हे ऐकलं. विचारणाऱ्याला उत्तर उभ्या उभ्या हवं असायचं. मला मात्र इंजिन उघडल्याशिवाय खरं उत्तर देता यायचं नाही.

पिस्टन, क्रँक, हेड, ऑइल पंप हे सगळं वॉरंटीत असतं. पण कशामुळं गेलं, यावर पैसे कोण भरणार ते ठरतं. माल किंवा जुळणी सदोष असेल तर कंपनी, नाहीतर तुम्ही. क्लचप्लेट, फिल्टर, स्पार्क प्लग असल्या झिजणाऱ्या वस्तू साधारणपणे बाहेरच.

आधी डिलिव्हरीची तारीख बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाखावर नेली, पण तेव्हापासून डिलिव्हरी झालेल्या गाड्यांनाच. त्यातलंही जे आधी भरेल ते धरतात. एक्स्टेंडेड, म्हणजे जादा पैसे भरून वाढवलेली वॉरंटी, घेतली असेल तर तिचा कागद वेगळा काढा, तिच्यात वगळलेल्या भागांची यादी वेगळी असू शकते.

आता जॉबकार्ड, म्हणजे गाडी जमा करताना तुमची तक्रार लिहून घेतात तो कागद. माझ्या मते निम्मी लढाई इथंच होते.

पलूसकडचे एक गुरुजी आले होते. डिझेल गाडी, ५८ हजार रनिंग, एक्स्टेंडेड संपायला चार महिने. मी सवयीनं लिहिलं, 'इंजिनमध्ये आवाज'. गुरुजींनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "ऑइलचा लाल दिवा लागला ते लिहा. लागल्या लागल्या मी गाडी बंद केली, तेही लिहा. टोचन करून आणलीय, पावती जोडा." मागं सहा जण उभे. मी वैतागलो, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑइल चेंबर खाली उतरवला. बेअरिंगचा करडा थर उडून आतलं तांबं दिसत होतं. अशा वेळी कंपनीचा इंजिनिअर आधी ऑइलची जाळी मागतो. जाळीवर काळी जेली साचली असेल तर ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून क्लेम तिथंच आटोपतो. गुरुजींची जाळी उजेडात धरली तर पलीकडचं दिसत होतं. दोष निघाला ऑइल पंपात, त्याचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. तरी एक प्रश्न राहिला. मधली एक सर्व्हिसिंग गावातल्या मेस्त्रीकडं झालेली. गुरुजींनी ऑइलच्या डब्याचं बिल काढलं. त्यावर ग्रेड, तारीख आणि पेनानं लिहिलेलं रनिंग. क्लेम पास झाला. लाल दिवा दिसूनही गाडी दामटली असती तर 'निष्काळजीपणा' हा शेरा मीच लिहिला असता.

इंजिन खोलायच्या आधी विचारा: क्लेम नाकारला तर खोलण्या-जोडण्याची मजुरी कुणाची? आकडा लेखी घ्या. खोलताना समोर थांबा, फोटो काढा आणि निर्णय होईपर्यंत जुने पार्ट हलवू देऊ नका. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल किंवा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, छेडछाड केली असेल, तर नकाराची तयारी ठेवूनच जा.

पाण्याचं प्रकरण निराळं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. पाणी ओसरल्यावर "बघू तरी चालू होतेय का" म्हणून कित्येकांनी सेल्फ मारलेला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे वॉरंटीत बसत नाही. साध्या विम्यातही बहुधा अडतं, त्याला इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन लागतं, आणि त्याच्याही अटी असतात. तेव्हा बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. बॅटरी काढा, विमा कंपनीला कळवा, टोचन करा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. ते घेऊन आधी कंपनीच्या कस्टमर केअरला, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथं चालते, ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत २ वर्षांची.

लेखी नकार मागणाऱ्याला मी काउंटरवरून "तशी पद्धत नाही" म्हणून वाटेला लावायचो. ई-मेल आला की मात्र तो वरच्या साहेबांकडं जायचा आणि उत्तर द्यावंच लागायचं. म्हणून माझ्यासारख्याशी काउंटरवर वाद घालू नका, ई-मेल टाका.